लॉक होऊन लगेच उघडणारी गाडी: दोष चावीत नाही, दारात शोधा

डिचोलीच्या एका शिक्षिकाताईंचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांची आठ वर्षांची हॅचबॅक आहे. पावसाळा लागल्यापासून रिमोट दाबला की दारं खट्‌कन लॉक होतात आणि सेकंदाभरात आपोआप उघडतात. सकाळी हे हमखास होतं. कोरड्या दिवशी दुपारनंतर बहुतेक वेळा सगळं सुरळीत असतं. डावं मागचं दार गेल्या वर्षापासून रिमोटला दादच देत नाही, ते हातानं लॉक करावं लागतं. दुसरी चावी कपाटात पडून होती. तिचा रिमोट आता अजिबात चालत नाही, पण तिनं गाडी मात्र सुरू होते. पहिल्या चावीचा सेल दोनदा बदलून झाला. एका सर्व्हिस सेंटरनं दोन्ही चाव्या आणि कंट्रोल मोड्यूल असा सगळा संचच बदलायला सांगितलं आहे. बदलावा का?

ताई, तो संच आत्ता बदलू नका. फोंड्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करण्यात माझी हयात गेली आणि मिरगापासून गणेश चवथीपर्यंत दुकानासमोर लागणाऱ्या गाड्यांत ही तक्रार कायम असते. लॉकिंग बिघडलं की माणूस आधी चावीकडे बघतो, कारण हातात तीच असते. तुमच्या गाडीत मात्र पहिली चावी आपलं काम चोख करते आहे आणि ते तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरूनच कळतं.

बटण दाबल्यापासून दार लॉक होईपर्यंत तीन टप्पे असतात. चावी रेडिओ लहरींवर संदेश पाठवते, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर. डॅशबोर्डाखाली बसवलेला कंट्रोल मोड्यूल, ज्याला आम्ही बीसीएम म्हणतो, तो संदेश घेतो आणि तो आपल्याच चावीचा आहे का ते तपासतो. मग तो दारादारांतल्या छोट्या मोटरना क्षणभर १२ व्होल्ट देतो आणि मोटर लॉकचा दांडा ओढते. तुमच्या गाडीत दारं एकदा लॉक होतात. म्हणजे संदेश गेला, ओळखला गेला, मोटर फिरल्या. तिन्ही टप्पे पार पडले. बिघाड त्यानंतर आहे आणि त्यानंतरच्या भागात चावीचा काही संबंध येत नाही.

ज्यांच्या गाडीची तक्रार वेगळी आहे त्यांच्यासाठी इथंच सांगून ठेवतो. रिमोट दाबताना इंडिकेटरकडे बघा आणि दाराला कान लावा. इंडिकेटर लुकलुकले पण एकही दार हललं नाही, तर चावी ठीक आहे. फ्यूज, रिले (मोटरचा करंट चालू-बंद करणारा खटका) किंवा वायरिंग बघायचं. लॉकचा फ्यूज बहुधा १५ ते २५ अँपिअरचा असतो. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा टाकू नका, कुठंतरी वायर बॉडीला लागते आहे. इंडिकेटरही नाही आणि आवाजही नाही, तर गाडीत बसून दारावरचं किंवा डॅशबोर्डावरचं लॉकचं बटण दाबा. त्या बटणानं सगळी दारं लॉक झाली तर मोटर, फ्यूज, वायरिंग यांतून सुटलात. भानगड चावी आणि तिचा संदेश घेणारा गाडीतला रिसीव्हर यांच्यामध्ये आहे. आणि सगळीकडून नुसता क्षीण टिक्‌टिक्‌ आवाज येत असेल तर गाडीची मोठी बॅटरी बघा. चांगली चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली गेली की लॉकच्या मोटरना जोर पुरत नाही.

आता तुमचं लॉक होऊन परत का उघडतं ते बघू. लॉक केल्यावर बीसीएम दारांकडून उत्तराची वाट बघतो. दोन प्रकारचे स्विच त्याला खबर देतात. एक, दार नीट मिटलं आहे की उघडं आहे हे सांगणारा. जुन्या गाड्यांत तो दाराच्या खांबावर रबरी टोपीत बसलेला दिसतो, नव्यांत लॉकच्या आतच असतो. दुसरा, लॉकचा दांडा बंद बाजूला आहे की उघड्या, हे सांगणारा. तो ड्रायव्हरच्या दारातल्या लॉक मोटरमध्ये असतो. म्हणून त्या मोटरला जास्त वायरी असतात. बाजारात मिळणाऱ्या साध्या सेंट्रल लॉकिंगच्या किटमध्येही ड्रायव्हरकडची मोटर पाच वायरींची आणि बाकीच्या दोन वायरींच्या असतात, ते याचसाठी. एखादं दार उघडं आहे किंवा ड्रायव्हरचं लॉक बसलेलं नाही अशी खबर मिळाली की बऱ्याच गाड्यांतला मोड्यूल सगळी दारं परत उघडतो. चावी आत राहून गाडी बंद होऊ नये म्हणून कंपनीनं मुद्दाम केलेली ती सोय आहे. तुमच्या गाडीला कुणीतरी खोटी खबर देतं आहे.

सकाळीच का आणि दुपारी का नाही? खांबावरचा स्विच दार उघडलं की वायरला बॉडीशी, म्हणजे अर्थशी जोडतो. दार मिटलं की जोड तुटते. पण रबरी टोपीत रात्रभर पाणी मुरलं आणि आतल्या पितळी पट्टीवर हिरवं चढलं, की त्या ओल्या थरातून थोडा करंट अर्थला झिरपत राहतो. मोड्यूलला ते दार उघडं असल्यासारखंच दिसतं. दुपारी उन्हानं थर सुकला की झिरपणं थांबतं आणि गाडी शहाण्यासारखी वागते. लॉकच्या आतल्या स्विचचंही असंच होतं, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

हे तुम्ही घरीच ताडून बघू शकता. पावसाच्या रात्रीनंतर सकाळी गाडीत बसा, सगळी दारं मिटा, छतावरच्या दिव्याचा खटका दाराच्या खुणेवर ठेवा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. दिवा मिणमिणत राहिला, किंवा इग्निशन चालू केल्यावर मीटरमध्ये दार उघडं असल्याचं लाल चित्र राहिलं, तर चोर सापडला. कुठल्या दाराचा ते शोधायला एक दार उघडा आणि खांबावरचा स्विच अंगठ्यानं पूर्ण आत दाबा. निरोगी स्विच असेल तर दिवा विझतो. असं प्रत्येक दाराला करा, डिकी विसरू नका. डिकीच्या झाकणाचा स्विच सर्वांत जास्त भिजतो आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

स्विच लॉकमध्ये असेल तर दार उघडं ठेवून, दाराच्या कडेला दिसणारी लॉकची फिरती जीभ स्क्रू ड्रायव्हरनं मिटलेल्या स्थितीत ढकला. खट्‌ खट्‌ असे दोन आवाज येतील. आता दिवा विझायला हवा. पाहून झालं की दाराचं हँडल ओढून ती जीभ आधी सोडवून घ्या आणि मगच दार मिटा. जीभ मिटलेली असताना दार आपटलं तर ती खांबावरच्या हुकावर आदळते आणि पत्रा किंवा लॉक दोन्हींपैकी एक जायबंदी होतं. आणि हे सगळं करताना एक काच पूर्ण खाली ठेवा. आपोआप लॉक होणाऱ्या गाडीत चावी आत राहणं नेहमीचं आहे, आणि मागच्या सीटवर मूल असेल तर आपल्या उन्हात त्याला मिनिटंही मोजून द्यावी लागतात.

खांबावरचा स्विच दोषी निघाला तर काम स्वस्तात होतं. एक स्क्रू काढून तो बाहेर घ्यायचा, वायर आत निसटून जाऊ नये म्हणून तिला चिमटा लावायचा, पट्टी बारीक पॉलिश पेपरनं घासून कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. टोपी चिरली असेल तर स्विचच नवा टाका. लॉकमधला स्विच मात्र सहसा सुटा मिळत नाही, लॉकसकट बदलावा लागतो. तरीही तो खर्च तुम्हाला सांगितलेल्या संचाच्या आसपासही जात नाही.

स्विच बदलला तरी पाणी तिथं का साचतं याचं उत्तर मिळवल्याशिवाय काम संपत नाही. आपल्याकडे गोव्यात चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काचेच्या कडेनं पाणी दारात उतरणारच. सगळ्याच गाड्यांची दारं तशी असतात. ते दाराच्या खालच्या कडेला ठेवलेल्या भोकांतून निघून जावं अशी रचना असते. गोव्यात ती भोकं तांबड्या मातीनं बुजतात. खाणपट्ट्यातल्या आणि कच्च्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या गाड्यांची तर हमखास. दार हळू उघड-मीट करून ऐका. आत पाणी खळखळत असेल तर खालच्या रबराखाली ती भोकं शोधून केबल टायच्या टोकानं मोकळी करा. किती तांबडं पाणी बाहेर येतं ते पाहून तुम्हीच थक्क व्हाल.

दुसरी गोष्ट दाराच्या आतल्या बाजूच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद. कंपनी तो काळ्या चिकट गोंदानं चारी बाजूंनी चिकटवते, पाणी आतल्या बाजूला येऊ नये म्हणून. कुणी नवे स्पीकर बसवताना किंवा काचेची मशीन दुरुस्त करताना तो फाडतो आणि तसाच सोडून पॅड लावतो. मग कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लग, आणि पॅडवरचे स्विच भिजत राहतात. तुमच्या गाडीत नंतर स्पीकर घातले असतील तर मी आधी तीच दारं उघडीन. हा कागद नीट चिकटवून देणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

आता डावं मागचं दार. बहुतेक गाड्यांत सगळी दारं एका फ्यूजवर चालतात, त्यामुळे एकच दार मेलं असेल तर फ्यूज तपासत बसायची गरज नाही. दोनच शक्यता: त्या दारातली मोटर, किंवा तिच्यापर्यंत जाणारी वायर. रिमोट दाबताना त्या दाराला कान लावा. घरघर किंवा दबका ठोका ऐकू आला तर करंट पोहोचतो आहे. मोटर कमजोर झाली आहे, आतला प्लॅस्टिकचा दातेरी गिअर झिजला आहे किंवा दांडा जाम आहे. अगदी शांतता असेल तर माझा संशय आधी वायरवर.

खांब आणि दार यांच्यामध्ये रबराची काळी नळी असते, घडीघडीची. दाराच्या सगळ्या वायरी त्यातून जातात आणि दार उघडताना प्रत्येक वेळी त्याच जागी वाकतात. आठ वर्षांत तांब्याचे केस एकेक करून तुटत जातात आणि बाहेरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, म्हणून नुसतं बघून काही कळत नाही. मागच्या सीटवरून मुलांची चढ-उतार असलेल्या गाड्यांत हे जास्त. तपासायचं असं: एकानं आतलं लॉकचं बटण राहून राहून दाबायचं आणि दुसऱ्यानं दार हळूहळू उघड-मीट करत ती नळी हातानं मोडायची. मध्येच एकदा जरी लॉक उडालं तरी वायर तिथंच तुटली आहे हे नक्की. फार वेळ सलग दाबत राहू नका. काही गाड्यांत मोटर तापू नये म्हणून मोड्यूल थोडा वेळ लॉकिंग बंद ठेवतो आणि मग नसलेला बिघाड शोधत बसावं लागतं.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर एक गोष्ट जरूर बघा. मोटरच्या कपलरवर तो नुसता डिजिटल मीटर लावून १२ व्होल्ट येतात म्हणाला, तर तेवढ्यावर मोटर बदलू देऊ नका. लॉकचा करंट सेकंदभरही टिकत नाही, बरेच मीटर तो धड पकडत नाहीत. शिवाय वायरचा एकच केस शिल्लक असला तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. तिथं इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघायचं. बल्ब लख्ख पेटला तर वायर खरी आणि मोटर खोटी. मीटरवर १२ आणि बल्ब मात्र काळा, तर वायर तुटत आली आहे. मोटर पारखायची तर कपलर सोडवून तिला बॅटरीवरून थेट क्षणभर करंट द्यायचा, मग दोन वायरी उलट करून परत क्षणभर. दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे गेला पाहिजे. वायर दाबून धरली तर चांगली मोटरही जळते.

तुटलेली वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यात तुम्ही परत येणार. नळी खांबाकडून सोडवून, मऊ बारीक केसांच्या वायरचा नवा तुकडा घालायचा, जोड सोल्डर करून त्यावर तापवून आवळणारी नळी चढवायची आणि ते जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर ठेवायचे, एक खांबात आणि एक दारात. दोन-तीन वायरी जोडायच्या असतील तर जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर नळीत गाठ होते. वेळ लागतो, पण हे काम असंच करायचं असतं. आणि बाजूच्या वायरीही जरा ताणून बघायला सांगा. आतून तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

आता ती कपाटातली चावी. रिमोट मेला तरी गाडी सुरू होते, याचं कारण चावीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. दारं उघडणारा रिमोट सेलवर चालतो. इंजिन सुरू करू देणारी इमोबिलायझरची चिप वेगळी. तिला सेल लागतच नाही. इग्निशनभोवतीची तांब्याची कॉइल तिला जवळून ऊर्जा देते आणि तिचा नंबर वाचते. तेव्हा तुमची चिप शाबूत आहे आणि त्या चावीचा प्रश्न फक्त रिमोटपुरता आहे. आनंदाची गोष्ट आहे ही, नव्या चावीचा मोठा खर्च चिपच्या कोडिंगमध्येच असतो.

आधी सेल. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चावीत तो मेलेलाच असणार. सेलवरचा आकडा पाहून तसाच घ्या. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. २०१६ तेवढाच रुंद पण निम्म्या जाडीचा. २०३२ च्या जागी २०१६ बसतो खरा, पण आत हलतो आणि रिमोट लागला तर लागला असा चालतो. नवा सेल मीटरवर ३ व्होल्टच्या वर दाखवायला हवा. बटण दाबून धरून मोजा, तेव्हा २.७ च्या खाली घसरत असेल तर नवीन म्हणून घेतला असला तरी तो परत करा. दुकानात उन्हात टांगलेले जुने सेल सर्रास मिळतात, पाकिटावरची मुदत वाचूनच घ्यावेत. सेल घामट बोटांनी धरला असेल तर कोरड्या कापडानं पुसून बसवा, आणि ज्या पितळी जिभेवर तो टेकतो ती चपटी झाली असेल तर अलगद वर उचला. जुना सेल लहान मुलांच्या हाताशी ठेवू नका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. लागलीच इस्पितळ गाठावं.

सेल चांगला आणि तरी चालत नाही, तर चावी गाडीशी जुळणीतून सुटलेली असू शकते. रिमोट प्रत्येक दाबाला नवा सांकेतिक आकडा पाठवतो, म्हणजे कुणी हवेतला जुना संदेश टिपून गाडी उघडू शकत नाही. गाडी पुढच्या काही आकड्यांपर्यंतच वाट बघते. कीलॉक (KeeLoq) नावाच्या जुन्या आणि सर्वत्र वापरल्या गेलेल्या पद्धतीत साधारणपणे पुढच्या १६. खिशात किंवा मुलांच्या हातात गाडीपासून दूर बटण खूप वेळा दाबलं गेलं की चावीचा आकडा त्याच्या पुढे निघून जातो. गाडीजवळ उभं राहून सलग दोन-तीनदा दाबा, अनेकदा तेवढ्यानं जुळतं. काही मॉडेलांत चावी इग्निशनमध्ये फिरवून लॉक दाबावं लागतं, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. त्यानंही नाही झालं तर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या मोड्यूलशी बोलणारं तपासणी यंत्र, लावून परत ओळख करून द्यावी लागते. तेव्हा दोन्ही चाव्या घेऊन जा. बऱ्याच गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि घरी राहिलेली चावी मुकी होते.

रिमोट जोरात दाबला तरच चालतो, किंवा उघडतो पण लॉक करत नाही, तर आतला बारीक खटका-स्विच झिजला आहे. तांदळाच्या दाण्याएवढं काम आहे ते. मोबाईल दुरुस्त करणारा चांगला कारागीर नवा स्विच सोल्डर करून देतो. चावी समुद्रात भिजली असेल, आणि किनाऱ्यावर ते रोज कुणाचं तरी होतं, तर तांदळाच्या डब्यात ठेवून भागत नाही. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं आणि पट्ट्या खात सुटतं. लागलीच सेल काढा, आतली सर्किटची पट्टी स्वच्छ गोड्या पाण्यानं धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं घासा आणि पूर्ण सुकू द्या. पेट्रोल किंवा थिनर लावू नका, कवच आणि बटणाचं रबर दोन्ही जातात. टीव्हीच्या रिमोटसारखं मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून गाडीचा रिमोट चालतो की नाही हे ठरवायचा सल्ला बरेच जण देतात, तो निरुपयोगी आहे. टीव्हीचा रिमोट प्रकाशकिरण टाकतो, गाडीचा रेडिओ लहरी, आणि त्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

चावीचं कवच फुटलं म्हणून नवं घेणार असाल तर डोळ्यांदेखत बदलून घ्या. अनेक चाव्यांत ती चिप रिमोटच्या पट्टीवर नसते, कवचाच्या एका खाचेत वेगळी बसवलेली असते. काळा, नखाएवढा तुकडा, कधी काचेची बारीक नळी. नवं कवच लावताना ती जुन्यातच राहते आणि जुनं कवच कचऱ्यात जातं. दारं उघडतात, म्हणून माणूस खूश होऊन पैसे देतो, आणि गाडी सुरू करायला गेला की स्टार्टर फिरतो पण इंजिन पकडत नाही, मीटरमध्ये चावीचं चित्र लुकलुकतं. अशा गाड्या टो करून माझ्याकडे येतात. त्यातली चिप कचऱ्याच्या पिशवीत सापडली तर नशीब, नाहीतर नवी चिप, कोडिंग आणि सगळं आलं. जुनं कवच मागून घ्या आणि गाडी सुरू होईपर्यंत फेकू नका.

बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांबद्दलही विचारणा होते. त्यांच्या स्मार्ट चावीचा सेल संपला तर चावीत लपवलेलं धातूचं पातं काढून दार उघडा. हँडलवर भोक दिसत नसेल तर ते प्लॅस्टिकच्या टोपीखाली असतं. मग चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरा, गाडी सुरू होते. कुठल्या जागी धरायची ते मॉडेलनुसार थोडं बदलतं. ही चावी मोबाईलला चिकटून एकाच खिशात किंवा वायरलेस चार्जरवर ठेवली तर गाडीला ती कधीकधी सापडत नाही. आणि खिशात चावी ठेवून गाडी धुतलीत तर हँडलवर पडणारं पाणी बोटाच्या स्पर्शासारखं समजून दारं लॉक-अनलॉक होत राहतात. तो बिघाड नाही.

एक सूचना तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, आणि परदेशी असलेल्यांच्या घरांसाठी, कारण महिनोन्‌महिने गाडी शेडमध्ये उभी असते. बॅटरी उतरली की रिमोट गेला आणि बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत. बाहेरून आत जायचा एकच मार्ग, ड्रायव्हरच्या दारातलं चावीचं भोक, आणि ते वर्षानुवर्षं न फिरवल्यानं गंजून घट्ट झालेलं. घरात मागे राहिलेल्या कुणाला तरी महिन्यातून एकदा हातानं चावी फिरवायला सांगा. आत ग्रॅफाईटची पूड घाला. तेल घातलं तर धूळ धरून चिखल होतो. कुळागराशेजारची, म्हणजे माड-पोफळीच्या बागेशेजारची गाडी असेल तर बॉनेट उघडल्यावर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना तेही बघा. गजर बसवलेल्या गाडीत बॉनेटच्या स्विचची वायर कुरतडली गेली तर लॉक केल्यावर गजराची यंत्रणा नीट सज्ज होत नाही.

बाहेरून बसवलेला सेंट्रल लॉकिंगचा संच असेल तर आधी त्याची अँटेनाची वायर शोधा. डॅशबोर्डाखाली पत्र्याला चिकटून गुंडाळलेली असते, म्हणून रिमोट दाराला टेकवल्याशिवाय चालत नाही. ती मोकळी करून उंच, पत्र्यापासून दूर लावली की पल्ला वाढतो. कटर लावून दाबलेले वायरींचे जोड दमट हवेत सर्वांत आधी खराब होतात, ते सोल्डर करून घ्या.

तेव्हा ताई, क्रम असा ठेवा. आधी दिव्याची परीक्षा आणि दारांची भोकं, या दोन्हींना पैसे लागत नाहीत. मग डाव्या मागच्या दाराची रबरी नळी. मग दुसऱ्या चावीला योग्य सेल. ड्रायव्हरच्या दारातल्या मोटरचा स्विच शेवटी, कारण त्यासाठी पॅड उघडावा लागतो. पण दिव्याच्या परीक्षेत सगळी दारं निर्दोष ठरली तर संशय त्याच्यावरच. स्कॅनर असलेल्याकडे गेलात तर नुसते फॉल्ट कोड काढून घेऊ नका, प्रत्येक दाराची उघडी-मिटलेली स्थिती स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि त्याच्यासमोर एकेक दार उघडून मिटा. कुठलं दार खोटं बोलतं ते तिथं तुम्हालाच दिसेल. हे पावसाच्या सकाळी करा. कोरड्या दुपारी गाडी नेलीत तर सगळं बरोबर दिसेल आणि तुम्हाला वेड्यात काढतील.

मोड्यूल बदलायची वेळ कधी येते तेही सांगतो. दारांचे सगळे स्विच खरं सांगत आहेत, मोड्यूलला येणारा करंट आणि त्याची अर्थ दोन्ही बल्ब लावून तपासलेले आहेत, आणि तरीही तो लॉकचा करंट देत नाही किंवा मनाला येईल तेव्हा देतो. किंवा पुराच्या पाण्यात गाडी डॅशबोर्डापर्यंत बुडली होती. तसं असेल तर आधी मोड्यूल काढून त्याचे कपलर उघडून दाखवायला सांगा. पिनांवर हिरवं चढलं असेल तर साफ करूनच कित्येक मोड्यूल चालू होतात. नवा टाकायचाच ठरला तर तो तुमच्या गाडीला कोड करून देणार का, दोन्ही चाव्या त्यात नोंदवून देणार का आणि जुना मोड्यूल तुम्हाला परत मिळणार का, हे तिन्ही अंदाजपत्रकावर लिहून घ्या. आणि चाव्या बदलाव्या लागल्याच तर जुन्या मूळ चाव्या जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते.